नावांची टांकसाळ

१७७४ सालचा ऑक्टोबर. पॅरिसमध्ये रसायनज्ञ लाव्हाझिए आणि त्याची बायको यांच्या घरी जेवणासाठी शहरातले बरेचसे नामांकित विद्वान जमले होते. पाहुणा होता इंग्लंडचा जोसेफ प्रीस्टली. पेशाने धर्मोपदेशक, छंद वायूंवरच्या प्रयोगांचा, आणि सध्या लॉर्ड शेलबर्नबरोबर युरोपच्या सफरीवर निघालेला. बोलण्याच्या ओघात त्याने सांगितले, की पाऱ्याचे लाल भस्म तापवले असता एक वायू निघतो आणि त्यात मेणबत्ती साध्या हवेपेक्षा पुष्कळ प्रखर जळते. ऐकणारे चकित झाले. असाच वायू आणखी एका पदार्थातून मिळतो, असे तो पुढे सांगू लागला आणि तिथे घोडे अडले. त्याचे फ्रेंच कच्चे, रसायनशास्त्रातले फ्रेंच तर त्याहून कच्चे. पदार्थाचे इंग्रजी नाव त्याने शब्दाला शब्द ठेवून फिरवले: ‘प्लों रूझ’, तांबडे शिसे. कोणाला काही उमजेना. अखेर पिएर माकेर म्हणाला, यांना ‘मिनियम’ म्हणायचे असावे.

मिनियम म्हणजे आपला शेंदूर.

प्रीस्टलीने ही हकीकत १८०० साली, अमेरिकेत जाऊन स्थायिक झाल्यावर, एका पुस्तकात छापली. त्या वायूची पहिली बातमी लाव्हाझिएला आपल्याकडून मिळाली, एवढेच त्याला नोंदवून ठेवायचे होते. मला त्यातली माकेरची मध्यस्थी जास्त मोलाची वाटते. १७६६ मध्ये रसायनशास्त्राचा कोश प्रसिद्ध करणारा माणूस योगायोगाने त्या टेबलावर होता, म्हणून निभावले. नाहीतर युरोपातली तल्लख डोकी एका जागी जमलेली आणि शेंदराला काय म्हणतात यावर बोलणे खुंटलेले, अशीच त्या रात्रीची गोष्ट झाली असती.

त्या काळच्या रसायनशास्त्राची ही रोजची अवस्था होती. हे शास्त्र कोणा एकाच्या मालकीचे नव्हते. औषधे बनवणारे, रंगारी, धातू गाळणारे, काच ओतणारे, चिनी मातीची भांडी भाजणारे, बंदुकीची दारू करणारे आणि सोने करू पाहणारे किमयागार अशा सगळ्यांनी आपापल्या भट्ट्यांतून त्यात भर घातली होती आणि प्रत्येकाने आपल्या सोयीचे नाव ठेवले होते. किमयागारांच्या हिशेबी धातू म्हणजे ग्रह. शिसे म्हणजे शनी, लोखंड म्हणजे मंगळ, तांबे म्हणजे शुक्र. त्यामुळे लोखंडाच्या तांबूस भस्माला ‘मंगळाचे केशर’ म्हणत आणि शिशाच्या एका गोड क्षाराला ‘शनीचे मीठ’. गोड लागते म्हणून त्याचीच ‘शिशाची साखर’ही झाली होती, आणि ही साखर जिवावर बेतणारी होती. ‘अँटिमनीचे लोणी’ नावाचा पदार्थ कातडी जाळत असे. जस्ताची ‘फुले’ होती, व्हिट्रिओलचे ‘तेल’ होते. खनिजांच्या राज्यात लोणी, तेल आणि फुले कुठून आली, आणि तीही बहुतांशी विषारी, अशी तक्रार लाव्हाझिएने पुढे केली ती रास्तच होती.

चुकीच्या कल्पना देणारी नावे हा एक त्रास झाला. दुसरा त्रास त्याहून मोठा: एका पदार्थाची चार नावे. आज ज्याला आपण पोटॅशियम सल्फेट म्हणतो त्याला कोणी ‘व्हिट्रिओलयुक्त टार्टर’ म्हणे, कोणी ‘दुओबसचे मीठ’, कोणी ‘आर्कानम दुप्लिकातम’, तर कोणी ‘ग्लासेरचे बहुगुणी मीठ’. चारही पुड्या शेजारी शेजारी ठेवून विकणारा औषधवाला असला, तर आत एकच वस्तू आहे हे त्याच्या गावीही नसायचे. आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानात मोरचूद, हिराकस, तुरटी, नवसागर, टाकणखार या बरण्या ओळीने असतात. नावे कानाला गोड, जिभेवर रुळलेली. पण मोरचूद आणि हिराकस ही एकाच आम्लाची दोन अपत्ये आहेत, एकात तांबे आणि दुसऱ्यात लोखंड, हे त्या नावांवरून कोणाला कळेल? युरोपातल्या दुकानांची गत अगदी अशीच होती.

वायूंचा शोध लागू लागला तसा गोंधळ वाढला, कारण वायू दिसत नाहीत आणि प्रत्येक शोधक त्याला आपल्या समजुतीप्रमाणे नाव देतो. आपण उच्छ्वासातून सोडतो तो वायू एडिंबरोच्या जोसेफ ब्लॅकसाठी ‘स्थिर हवा’, स्वीडनच्या टोर्बेर्न बेर्गमानसाठी ‘हवाई आम्ल’, पॅरिसमधल्या काहींसाठी ‘खडूचे आम्ल’. प्रीस्टलीने जेवणाच्या टेबलावर ज्याची बातमी दिली त्या वायूला तो स्वतः ‘फ्लॉजिस्टन काढून घेतलेली हवा’ म्हणे. स्वीडनमध्ये कार्ल शेलेने तोच वायू मिळवला आणि त्याला ‘अग्निहवा’ म्हटले. लाव्हाझिए आधी ‘श्वसनास उत्तम हवा’ आणि मग ‘जीवनवायू’ म्हणू लागला.

फ्लॉजिस्टनबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. जर्मनीच्या गेओर्ग श्टालने मांडलेली ही कल्पना अशी, की जळणाऱ्या प्रत्येक वस्तूत फ्लॉजिस्टन नावाचे ज्वलनतत्त्व असते आणि वस्तू जळताना ते बाहेर पडते. धातू तापवला की फ्लॉजिस्टन जाते आणि भस्म उरते. म्हणजे भस्म हा साधा पदार्थ आणि धातू हा मिश्र. कल्पना तशी मूर्खपणाची नव्हती. भट्टीत कोळसा घातला की भस्माचा पुन्हा धातू होतो, याचा तिने छान उलगडा केला होता. अडचण एकच होती. धातूचे भस्म धातूपेक्षा जड भरते. काही निघून गेले असेल तर वजन वाढते कसे?

या वजनाच्या कोड्याने दोघांना पछाडले होते. एक लाव्हाझिए, आणि दुसरा पॅरिसपासून लांब, बर्गंडीतल्या दिजों शहरात राहणारा लुई-बेर्नार गितों द मोर्व्हो.

गितों हा या हकीकतीतला माझा आवडता माणूस. इतिहासात तो लाव्हाझिएच्या सावलीत हरवला आहे. धंद्याने वकील, दिजोंच्या न्यायालयात सरकारी बाजू मांडणारा. रसायनशास्त्र तो जवळजवळ स्वतःच शिकला. १७७३ मध्ये दिजोंच्या एका चर्चमध्ये तळघरात पुरलेल्या प्रेतांच्या दुर्गंधीने लोक हैराण झाले, तेव्हा त्याने मिठावर व्हिट्रिओलचे तेल ओतून निघणारा तिखट वायू आत कोंडला आणि जागा वापरण्याजोगी केली. १७७६ पासून तो गावात रसायनशास्त्राची खुली व्याख्याने देऊ लागला. समोर वैद्य, कारागीर, व्यापारी, हौशी लोक. ज्याला दुसऱ्याच्या धंद्यातली नावे ठाऊक नाहीत अशा श्रोत्यांपुढे उभे राहिले की परिभाषेचा प्रश्न पुस्तकी राहत नाही. त्यातच त्याने बेर्गमानचे लेखन फ्रेंचमध्ये आणायला घेतले आणि पाठोपाठ ‘एन्सिक्लोपेदी मेथोदिक’ या प्रचंड कोशाचा रसायनशास्त्राचा भाग लिहायचे पत्करले. अकारविल्हे नोंदी करायच्या, पण कोणत्या नावाखाली?

१७८२ मध्ये त्याने पॅरिसच्या एका विज्ञान-नियतकालिकात रासायनिक नावांवर निबंध छापला. त्यात पाच तत्त्वे होती, आणि वकिलाचा हात त्यांत स्पष्ट दिसतो. अख्खे वाक्य म्हणजे नाव नव्हे. नाव वस्तूच्या स्वरूपाला धरून असावे, म्हणजे संयुगाच्या नावात त्याचे घटक दिसावेत. स्वरूप नक्की ठाऊक नसेल, तर खोटी कल्पना देणाऱ्या नावापेक्षा काहीच अर्थ नसलेले नाव बरे. नवे शब्द मृत भाषांतून घ्यावेत, आणि ते आपल्या भाषेच्या वळणात बसावेत. यातले तिसरे तत्त्व ध्यानात ठेवायला हवे. पुढे त्याच्या लेखकाने आणि त्याच्या मित्रांनीच ते मोडले.

बेर्गमान हा लिनियसचा विद्यार्थी. वनस्पतींना दोन शब्दांत नाव देण्याची लिनियसची रीत त्याने जवळून पाहिली होती. त्याने गितोंला कळवले, की एकाही चुकीच्या नावाची गय करू नकोस. जाणत्यांना कसेही बोलले तरी कळते, नवशिक्यांना यामुळे लवकर कळेल. १७८४ मध्ये बेर्गमान गेला. गितोंच्या या पहिल्या योजनेत फ्लॉजिस्टनला धक्का नव्हता. तो स्वतःच तेव्हा फ्लॉजिस्टनवादी होता. कोणत्याही पक्षाच्या माणसाने वापरावी अशी सामाईक भाषा त्याला हवी होती.

१७८७ च्या आरंभी तो पॅरिसला आला. लाव्हाझिए तेव्हा सरकारी दारूखान्याचा अधिकारी म्हणून आर्सेनालमध्ये राहत होता आणि तिथे त्याची प्रयोगशाळा होती, फ्रान्समधली बहुधा सर्वांत खर्चिक. त्याच्याकडे पैसा होता, कारण तो ‘फेर्म जेनेराल’चा, म्हणजे राजासाठी करवसुलीचा मक्ता घेणाऱ्या मंडळींचा भागीदार होता. त्याचे हिशेबी डोके तराजूवर चालायचे. तापताना धातू हवेतला जीवनवायू उचलतो म्हणून भस्म जड भरते, फ्लॉजिस्टनची गरजच नाही, असे त्याचे म्हणणे. दोन वर्षांपूर्वी याच आर्सेनालमध्ये त्याने पाणी दोन वायूंत फोडून आणि पुन्हा जोडून दाखवले होते. त्या प्रयोगांनी आधी क्लोद बर्तोले त्याच्या बाजूला आला आणि मग आंत्वान फूरक्रुआ. बर्तोले मूळचा वैद्य, आता सरकारी रंगकामाचा देखरेख्या. फूरक्रुआही वैद्यच, पण राजाच्या उद्यानात व्याख्याने द्यायला उभा राहिला की सभागृह ओसंडून जाई. गितों आला, वाद घातले, प्रयोग पाहिले आणि महिन्या-दोन महिन्यांत तोही फुटला.

एक वकील, एक करवसुलीदार, एक रंगखात्याचा वैद्य आणि एक फर्डा शिक्षक. हे चौघे जवळपास रोज एकत्र बसू लागले. १८ एप्रिल १७८७ रोजी विज्ञान अकादमीच्या जाहीर बैठकीत लाव्हाझिएने परिभाषा बदलण्याची गरज मांडली, २ मे रोजी गितोंने तिचे नियम वाचले, आणि त्याच वर्षी ‘मेथोद द नोमांक्लात्यूर शिमीक’ हे पुस्तक बाहेर आले. परिभाषेच्या एखाद्या समितीने इतक्या झटपट काम उरकल्याचे उदाहरण आपल्याकडच्या समित्यांची कार्यपद्धती पाहिलेल्या माणसाला खरे वाटणार नाही.

पुस्तकाची रचना साधी होती. पंचावन्न पदार्थ साधे मानले, म्हणजे त्यांचे अजून विभाजन करता आलेले नाही. त्यांना छोटी, एकेरी नावे. त्यांच्या जोडीने बनणाऱ्या सगळ्यांना दुहेरी नावे. खरी करामत शेपटांत होती. जीवनवायूचे नवे नाव होते ऑक्सिजन. गंधकात ऑक्सिजन भरपूर मिसळला तर त्या आम्लाच्या नावाला एक प्रत्यय, कमी मिसळला तर दुसरा: सल्फ्युरिक आणि सल्फ्युरस. पहिल्यापासून बनलेला क्षार सल्फेट, दुसऱ्यापासून बनलेला सल्फाइट. ऑक्सिजन नसताना गंधक नुसता धातूशी जोडला गेला तर तिसरेच शेपूट, इंग्रजीतून आपल्याकडे आलेले सल्फाइड. हीच रीत फॉस्फरसला, हीच नत्राला. मोरचूद झाले तांब्याचे सल्फेट, हिराकस लोखंडाचे सल्फेट, एप्समच्या झऱ्याचे मीठ मॅग्नेशियाचे सल्फेट आणि ते चार नावांचे मीठ पोटॅशचे सल्फेट. अजून कोणी न बनवलेल्या क्षारालाही नाव तयार होते. तो बनला की त्याने येऊन आपली जागा घ्यायची.

पुस्तकाच्या शेवटी जुन्या नावावरून नवे आणि नव्यावरून जुने काढण्याचा दुतर्फा कोश होता. मला वाटते पुस्तक खपले ते या कोशामुळे. रंगाऱ्याला लाव्हाझिएचा सिद्धान्त पटो न पटो, समोरचा विक्रेता ज्याला अमुक म्हणतो ते आपले तमुकच का, हे त्याला पाहता येत होते. त्याच पुस्तकात आदे आणि आसनफ्रात्झ या दोघा तरुणांनी रेघा, अर्धवर्तुळे, त्रिकोण यांची एक चिन्हलिपीही दिली होती. ती फारशी कोणी वापरली नाही.

इथवर सगळे सोयीचे वाटते. खोच पुढे आहे. शिशाच्या भस्माला या चौघांनी नाव दिले ‘शिशाचे ऑक्साइड’. ज्याने हे दोन शब्द उच्चारले त्याने मान्य करून टाकले, की शिसे साधे आहे आणि भस्म मिश्र. फ्लॉजिस्टन तिथल्या तिथे निकालात निघाले. जुन्या पक्षाच्या माणसाला नवी भाषा बोलून आपले मत मांडताच येत नव्हते. त्याचे म्हणणे मांडायला तिच्यात शब्दच ठेवला नव्हता. पाच वर्षांपूर्वी गितोंने जी सामाईक भाषा योजली होती ती आता एका पक्षाची भाषा झाली. लाव्हाझिएने ते लपवलेही नाही. तत्त्वज्ञ कोंदियाकचा हवाला देऊन तो सांगत होता, की भाषा सुधारल्याशिवाय शास्त्र सुधारत नाही आणि शास्त्र सुधारल्याशिवाय भाषा.

अकादमीने पुस्तक तपासायला चार जण नेमले: औषधनिर्माते बोमे आणि कादे, खनिजांचा जाणकार साझ आणि चिनी मातीच्या भट्ट्यांवर आयुष्य घालवलेला दार्से. चौघेही जुन्या भाषेत वाढलेले. त्यांचा अहवाल वाचताना दातओठ खाल्लेले ऐकू येतात. इतक्या वर्षांचा, इतक्या थोरामोठ्यांनी मानलेला सिद्धान्त एका दिवसात टाकता येत नाही, नव्याची परीक्षा काळ करील, तोवर छापायला हरकत नाही, असा त्याचा मतलब होता. बोमे आणि साझ अखेरपर्यंत वळले नाहीत. ज्या नियतकालिकात गितोंचा पहिला निबंध आला होता त्याचा नवा संपादक द ला मेतेरी हा कडवा विरोधक निघाला. तेव्हा या मंडळींनी १७८९ मध्ये स्वतःचेच नियतकालिक काढले, ‘आनाल द शिमी’.

इंग्लंडात हेन्री कॅव्हेंडिश वैतागला. पाण्याच्या घटकांवर ज्याने स्वतः अव्वल काम केले त्या अबोल माणसाने मित्राला लिहिले, की नावे पाडण्याचे हे वेड वाईट आहे. प्रत्येकाने आपल्या सिद्धान्ताबरहुकूम नावे ठेवायची म्हटले तर सिद्धान्त बदलला की भाषाही बदलणार. थॉमस जेफर्सन त्या वेळी अमेरिकेचा राजदूत म्हणून पॅरिसमध्येच होता. १७८८ च्या उन्हाळ्यात मायदेशी पाठवलेल्या पत्रात त्याने हेच सांगितले: शास्त्र अजून इतके कोवळे आहे, की एखादा प्रयोगही या नावांची सारी साखळी तोडू शकेल. पुढे काय झाले ते पाहता, रसायनज्ञ नसलेल्या या माणसाची नजर नावे पाडणाऱ्या चौघांपेक्षा स्वच्छ होती असे म्हणावे लागते.

आयर्लंडच्या रिचर्ड कर्वनने तर १७८७ मध्येच फ्लॉजिस्टनच्या बचावासाठी ग्रंथ लिहिला. त्याला उत्तर मिळाले ते अनोख्या तऱ्हेने. लाव्हाझिएची बायको मारी-आन हिने इंग्रजी मुद्दाम शिकून घेतले होते, कारण नवऱ्याला ती भाषा येत नव्हती. तिने कर्वनच्या ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर १७८८ मध्ये प्रसिद्ध केले आणि प्रत्येक प्रकरणाखाली नव्या पक्षाच्या मंडळींनी आपले खंडन जोडले. पुढच्याच वर्षी ती खंडने इंग्रजीत उतरवून, त्यांवर कर्वनच्या प्रत्युत्तरांसह, मूळ ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली. असा सभ्य वाद आणि असा शेवट विरळाच: १७९१ मध्ये कर्वनने हार मानली. ब्लॅक तर त्याआधीच एडिंबरोमध्ये नवे रसायनशास्त्र शिकवू लागला होता.

पण मने वळवण्याचे मोठे काम वादांनी केले नाही, पाठ्यपुस्तकाने केले. १७८९ मध्ये आलेल्या लाव्हाझिएच्या प्राथमिक ग्रंथात साध्या पदार्थांची यादी तेहतीसवर आली. त्यात ‘प्रकाश’ आणि ‘कॅलोरिक’ म्हणजे उष्णता हेही पदार्थ म्हणून बसले होते. नव्या शास्त्राचीही स्वतःची भुते होती. यंत्रांची चित्रे मारी-आनने काढली होती. विद्यार्थी या पुस्तकातून शिकू लागले, आणि ज्याने जुनी नावे कधी ऐकलीच नाहीत त्याला जुना सिद्धान्त समजावून सांगणेही अवघड होऊन बसले. गितोंच्या कोशाचे मात्र गमतीदार झाले. पहिल्या खंडाचा पहिला भाग १७८६ मध्ये छापून बाहेर पडला होता, फ्लॉजिस्टन धरून. दुसरा भाग येईपर्यंत लेखकाचे मत पालटले. तेव्हा खंडाच्या मध्येच, ‘हवा’ या नोंदीपाशी, त्याने दुसरी प्रस्तावना घातली आणि वाचकाला सांगितले की येथून पुढे भाषा वेगळी.

मग क्रांती आली. ८ ऑगस्ट १७९३ रोजी अकादमी बंद झाली. नोव्हेंबरात करवसुलीच्या मक्तेदारांना पकडले, त्यात लाव्हाझिएही होता. गितों आणि फूरक्रुआ आता राष्ट्रीय सभेचे सदस्य होते. गितोंने राजाच्या देहान्ताच्या बाजूने मत दिले होते. १७९४ च्या वसंतात प्रजासत्ताकाला दारूगोळ्याची टंचाई पडली, म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतून नागरिक बोलावून सोरा कसा शुद्ध करायचा याचे वर्ग पॅरिसमध्ये भरवण्यात आले. शिकवणाऱ्यांत गितों, फूरक्रुआ आणि बर्तोले तिघेही होते. या विषयातला फ्रान्समधला सर्वांत जाणता माणूस त्याच शहराच्या तुरुंगात होता. ८ मे १७९४ रोजी सत्तावीस जणांबरोबर त्याला गिलोटिनवर नेले. त्यांत त्याचा सासराही होता. मित्रांनी काय केले, काय करू शकले असते, यावर इतिहासकारांनी पुष्कळ शाई सांडली आहे. पुढच्याच महिन्यात गितों फ्लरूसच्या रणांगणावर सैन्याच्या टेहळणीच्या फुग्याबरोबर होता.

नावे मात्र फिरत राहिली. पुस्तकाची भाषांतरे एव्हाना इंग्रजी, स्पॅनिश, इटालियन आणि जर्मनमध्ये झाली होती. आणि पुढे जेफर्सनने सांगितलेला प्रयोग दाराशी येऊन ठेपला.

‘ऑक्सिजन’ या ग्रीक घडणीच्या शब्दाचा अर्थ आम्ल निर्माण करणारा. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, अशी लाव्हाझिएची खात्री होती. गंधक, फॉस्फरस, कोळसा यांच्याबाबत ते खरे ठरले आणि त्याने सरसकट नियम करून टाकला. गितोंच्या तिसऱ्या तत्त्वाप्रमाणे असे नाव ठेवायलाच नको होते. गंमत म्हणजे पुस्तक निघाले त्याच सुमारास चौघांतल्या बर्तोलेने प्रुसिक आम्ल तपासले आणि त्यात त्याला कार्बन, हायड्रोजन, नत्र सापडले, ऑक्सिजन काही सापडेना. त्याने ते प्रामाणिकपणे नोंदवले. नाव बदलावे असे कोणाला सुचले नाही.

दुसरा पेच मिठाच्या आम्लाचा. लॅटिनमध्ये खाऱ्या पाण्याला ‘मुरिया’ म्हणतात, म्हणून हे म्युरिॲटिक आम्ल आणि त्याचे क्षार म्युरिएट. हे नाव गितोंच्या १७८२ च्या यादीतच होते. आम्ल आहे म्हणजे ऑक्सिजन असणारच, तेव्हा ऑक्सिजनशी जोडलेला कोणीतरी अज्ञात मूळ पदार्थ आत दडला आहे, असे धरून त्याला यादीत जागाही देण्यात आली. या आम्लापासून निघणाऱ्या पिवळट हिरव्या वायूने कापड झटकन पांढरे होते, हे बर्तोलेने दाखवले आणि विरंजनाचा धंदाच पालटून टाकला. त्या वायूला म्हणायचे ‘ऑक्सिजनयुक्त म्युरिॲटिक आम्ल’. वीस वर्षे जगभरचे रसायनज्ञ त्यातला ऑक्सिजन बाहेर काढायला धडपडले. नावात होता, म्हणजे वायूत असलाच पाहिजे. १८१० मध्ये लंडनमध्ये हंफ्री डेव्हीने शेवटी जाहीर केले, की त्यात ऑक्सिजन नाही, दुसरेही काही नाही, तो स्वतःच मूलद्रव्य आहे. मिठाचे आम्ल म्हणजे हा वायू आणि हायड्रोजन, बस. नाव ठेवताना डेव्हीने सिद्धान्ताच्या वाटेलाच जायचे टाळले. रंग पाहिला आणि ग्रीकमधला फिकट हिरव्याचा शब्द उचलून ‘क्लोरीन’ म्हटले. हे गितोंच्या मूळ नियमांना गितोंच्या स्वतःच्या नावांपेक्षा अधिक धरून होते. तेव्हा तो हयात होता. १८१६ मध्ये वारला.

तरी साखळी तुटली नाही. ‘ऑक्सिजन’ हे एक कडे खोटे ठरले, पण शेपटांचे व्याकरण शाबूत राहिले. क्लोरीनचे क्लोराइड आणि क्लोरेट त्याच साच्यात पडले. ज्या भाषांनी अर्थ पाहून भाषांतर केले त्यांनी चूकही घरात घेतली. जर्मनमध्ये ऑक्सिजन आजही ‘आंबट द्रव्य’ आहे. डच ग्रंथांवरून शिकलेल्या उदागावा योआनने १८३७ पासून जपानी रसायनग्रंथ काढायला घेतला, त्यात तो ‘सान्सो’ म्हणजे आम्लतत्त्व झाला. बंगालीत ‘अम्लजान’. मराठीने वेगळी वाट धरली. कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोडक यांच्यासारख्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीत रसायनशास्त्राची पुस्तके लिहिली त्या काळापासून आपल्याकडे ‘प्राणवायू’ रुळला. लाव्हाझिएने टाकून दिलेल्या ‘जीवनवायू’ला तो जवळचा आहे आणि त्यात आम्लाचा गंधही नाही. व्याकरण मात्र आपणही त्याचेच घेतले. ‘कर्बद्विप्राणिल’ या शाळेत पाठ केलेल्या शब्दात आधी मूळ पदार्थ आणि शेवटी शेपूट, अशी १७८७ ची कवायत उभी आहे.

म्युरिएट हा शब्द रसायनशास्त्राने डेव्हीनंतर हळूहळू काढून टाकला. होमिओपॅथीच्या ‘नेट्रम मूर’मध्ये तो उरला आणि खतांच्या व्यापारात. उसाला पालाश द्यायचा म्हणून शेतकरी कृषी सेवा केंद्रातून ‘म्युरेट ऑफ पोटॅश’चे पोते उचलतो. आत असते पोटॅशियम क्लोराइड. पोत्यावर पालाशाचे प्रमाण ६० टक्के छापलेले असते आणि ते मोजतात पोटॅशियमच्या ऑक्साइडच्या हिशेबात. ही मोजणीही ऑक्साइडांच्या त्याच जमान्यातून आलेली आहे. क्लोराइडच्या त्या पोत्यात ऑक्साइड मुळीच नसते. सल्ला देणारा कृषी अधिकारी, विकणारा दुकानदार आणि घेणारा शेतकरी यांचे मात्र त्या आकड्यावर बरोबर जमते.